रोमानियाला गेलेली काळी बाहुली

माझी आई गावात माझ्या कामाबद्दल अहिराणीत सांगते ते असं: "ती जळगावले चटायाना कारखानामा शे. तठे परदेशन्या बाया तिले चिठ्ठ्या लिखतस, ती त्यास्ले जवाब देस."

वर्णन चुकीचं नाही. पण ऐकणाऱ्याला वाटतं, एवढंच? एका लग्नात आमच्या लांबच्या मामांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "अन् ह्याचा पगार भेटस?" मी हो म्हटलं. त्यांनी आपल्या बारावीत बसलेल्या पोराकडे असं पाहिलं, की तो पोरगा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही.

खरं तर हे लिहायला मी कचरत होते. कामाच्या आठवणी सांगायच्या तर माणूस निवृत्त झालेला हवा, केस पांढरे हवेत, गुडघे दुखायला हवेत. माझं एम.ए.चं दुसरं वर्ष चालू आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठे काय लिहायचं असतं हे सांगणारंही घरात कोणी नाही. पण बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून मी हे काम करते आहे, आणि जळगावात इंग्रजीतून रोमानियन भाषेत भाषांतर करणारी दुसरी व्यक्ती मला अजून भेटलेली नाही. असेल तर तिने कृपया भेटावं. माझ्या पुष्कळ शंका आहेत.

काम मिळालं ते असं. एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात मी दुपारनंतर टायपिंगला जात असे. प्लॅस्टिकच्या रंगीत काड्यांच्या, मागावर विणलेल्या चटया. तुमच्याही घरी असतील. त्या परदेशातही जातात. तिकडे लोक त्या गच्चीवर आणि समुद्राच्या वाळूवर टाकून उन्हात पडून राहतात. आपण ज्या उन्हापासून लपतो त्यात ते मुद्दाम पडतात, हे आईला अजून खरं वाटत नाही.

रोमानियात काळ्या समुद्राच्या काठी कॉन्स्टान्त्सा नावाचं गाव आहे. तिथला एक व्यापारी आमचं गिऱ्हाईक. त्याच्याकडे इंग्रजी जाणणारा एक मुलगा होता, तो नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी रोदिका नावाच्या बाई आल्या. त्यांनी पहिलाच निरोप सरळ रोमानियनमध्ये पाठवला. शेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बेटा, तू इंग्लिश घेतलंयस ना?"

"हो शेठजी."

"मग हे वाच."

मी पाहिलं. "शेठजी, हे इंग्लिश नाही."

"अक्षरं कोणती आहेत?"

"अक्षरं तीच आहेत. एबीसीडी."

"मग झालं तर! मी मराठी वाचतो, हिंदी वाचतो, आमची मारवाडी वाचतो. तिघींची अक्षरं एक. अडलं का कुठे?"

मोठ्या माणसांना उलट उत्तर द्यायची सवय नव्हती. मी म्हटलं, "प्रयत्न करते." त्या एका वाक्यावर माझी ही सगळी कारकीर्द उभी आहे.

ज्यांचा ह्या कामाशी संबंध नाही त्यांना ते थोडं समजावून सांगते. शेठजी जे सांगायचं ते मराठीत सांगतात. शेठजींचे चिरंजीव रौनकभैया पुण्याहून एमबीए करून आलेले. ते त्याचं इंग्रजी करतात, कारण परदेशी व्यवहाराची प्रत इंग्रजीत हवी. त्या इंग्रजीचं मी रोमानियन करते. म्हणजे उसाचा रस आधी एका फडक्यातून गाळायचा आणि मग दुसऱ्या फडक्यातून. शेवटी ग्लासात काय उरतं हे पिणाऱ्यालाच ठाऊक.

शेठजी कधीही नाही म्हणत नाहीत. चटया मागावर चढल्यासुद्धा नसल्या तरी ते म्हणतात, "सांग, माल निघालाच आहे." रौनकभैयांनी त्याचं इंग्रजी केलं: माल पाइपलाइनमध्ये आहे. मी नवीन होते. शब्दकोशात पाइपलाइन शोधली, रोमानियन शब्द सापडला, लिहून पाठवला. रोदिकाबाईंचं उत्तर आलं: "चटया नळात का घातल्या हे कळलं नाही. कृपया बाहेर काढा आणि जहाजावर ठेवा."

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. पहिली, इंग्रजीतले असे वाक्प्रचार शब्दाला शब्द लावून नेता येत नाहीत. दुसरी, रोदिकाबाई चेष्टेखोर आहेत.

मोठे शब्द त्यामानाने गरीब असतात. जहाज म्हणजे जहाज. जीव खातात ते इंग्रजीतले बारके शब्द, जे नामाच्या पुढे दारवानासारखे उभे असतात. कोणत्या नामापुढे कोण उभं राहील ह्याला काही नियम नाही, असं माझं चार वर्षांनंतरचं मत आहे. सोमवारवर असतात, पण जानेवारीच्या आत असतात. बसवर चढतात आणि गाडीच्या आत बसतात. कॉलेजात मी हे पाठ केलं होतं, कारण विचारलं तर सर म्हणायचे, "असंच असतं."

मग एकदा गावाहून परतताना धुळे-जळगाव एसटीत, पारोळा सोडून एरंडोलकडे जाताना, रोमानियनचा मोबाइलमधला धडा वाचत होते आणि मला चक्क हसू फुटलं. शेजारच्या आजींनी पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली. झालं असं होतं की, इंग्रजीत माणूस आपल्या"सोबत" रागावतो, जणू आपण दोघं मिळून तिसऱ्यावर चिडलोय. रोमानियनमध्ये तो आपल्या"वर" रागावतो. आपल्यासारखाच! इंग्रजीत लग्न माणसा"ला" होतं, पार्सल पोचतं केल्यासारखं. रोमानियनमध्ये ते माणसा"शी" होतं. इंग्रज स्वतःच भुकेला असतो. रोमानियन माणूस म्हणतो, मला भूक आहे. मला थंडी आहे. मला आवडतं. आणि गंमत म्हणजे बाजाराला जायचं तर ते चक्क "ला" म्हणतात. फक्त शेपटी पुढे लावतात: ला बाजार, ला जळगाव.

म्हणजे मी इतके दिवस धुळ्याहून जळगावला लंडनमार्गे जात होते.

पण हे रौनकभैयांना सांगायची हिंमत नव्हती. त्यांचं इंग्रजी मधून काढा, हे कोणत्या तोंडाने सांगणार? माझा पगार तेच काढत.

रोदिकाबाईंची आणि माझी ओळख हळूहळू वाढली. त्या साठीच्या आसपासच्या असाव्यात. माझ्या चुका त्या दुरुस्त करून पाठवायच्या, शिवाय एखादा वाक्प्रचार भेट द्यायच्या. कधीच होणार नाही अशा गोष्टीला त्यांच्याकडे "घोड्यांच्या ईस्टरला" म्हणतात. नकोशा माणसाला "जा, अस्वलाला फिरवून आण" म्हणतात. मी हा दुसरा होस्टेलवर मराठीत वापरून पाहिला, पण मुलींना वाटलं माझं डोकं फिरलंय.

एकदा त्यांनी सूट मागितली. शेठजी म्हणाले, "सांग, तुम्ही घरच्याच आहात, तुमच्याकडून जास्त घेऊ का?" भैयांनी इंग्रजीत आदरातिथ्यावर एक परिच्छेद लिहिला. मी तो तसाच केला, पण शेवटी हळूच एक वाक्य आपल्या मनाचं जोडलं. रोमानियनमध्येही "घरचे" असाच शब्दप्रयोग आहे, जसाच्या तसा. रोदिकाबाईंनी त्या दिवशी सूट मागणं सोडून दिलं आणि नातवाचा फोटो पाठवला.

गोरंपान, गुटगुटीत बाळ. मनगटाला लाल दोरा. मी लिहिलं, "किती सुंदर बाळ!" उत्तर आलं, "प्त्यू, प्त्यू! देओक नको लागायला!" शब्दकोश म्हणाला, प्त्यू म्हणजे थुंकण्याचा आवाज. मला वाईट वाटलं. माझं काय चुकलं असेल ह्याचा विचार करत मी आईला फोन लावला.

आई म्हणाली, "येडी शे का तू? लेकरूले देखीसन सुंदर म्हनानं अन् थू थू नही कराना? तिनी केलं, बरं केलं."

देओक म्हणजे आपली दृष्ट. बाळाला लागते, वासराला लागते, नव्या नवरीला लागते. तिथेही. लाल दोरा त्याचाच.

हे मी मनात ठेवलं आणि विसरले. पुढे त्याच्यावर एका माणसाची नोकरी टांगली जाईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तो माणूस म्हणजे नाना. नाना नशिराबादचे. कारखाना उघडला तेव्हापासून गोडाऊन त्यांच्याकडे. कंटेनर भरायचं काम नानांशिवाय होत नाही. कोणता गठ्ठा खाली, कोणता वर, कोणता आडवा, हे ते काठीने दाखवतात आणि पोरं भरतात. तोंड फार फटकळ. रौनकभैयांनी गोडाऊनमध्ये इंग्रजी पाट्या लावल्या, तर नानांनी त्या पाट्यांच्या मागच्या बाजूवर पोरांना चहाचा हिशोब लिहायला लावला.

प्रत्येक कंटेनर सुटताना नाना त्याला लिंबू-मिरची बांधायचे. बाहेरून, मागच्या दाराच्या कडीला. ती बंदरात पोचेपर्यंत कुठेतरी गळून पडायची. कोणाला पत्ताही लागायचा नाही.

गेल्या वर्षी रोदिकाबाईंनी नवीन नक्षी पाठवली. त्यांच्या आजीने विणलेल्या गालिच्यावरचे लाल-काळे पट्टे आणि मध्ये चौकडी. तशी चटई विणून मिळेल का? आमच्या कारागिरांनी माग लावायला वेळ घेतला, पण माल असा उतरला की शेठजी स्वतः चप्पल काढून त्याच्यावर बसले. आजवरचा सगळ्यात मोठा कंटेनर त्या नक्षीचा भरला. नाना दिवसभर काही बोलले नाहीत. तेव्हाच कोणीतरी सावध व्हायला हवं होतं.

कंटेनर कॉन्स्टान्त्साला पोचला, आणि रोदिकाबाईंचा फोटो आला. खाली मजकूर नाही, नमस्कार नाही. फोटोत कंटेनरचं उघडं दार, आणि आतल्या बाजूने लटकणारी एक काळी बाहुली. बांधकामावर टांगतात तशी. विस्कटलेले केस, पांढरे डोळे, बाहेर काढलेली लाल जीभ. तिच्या पायाशी एक काळंठिक्कर पडलेलं लिंबू आणि वाळलेल्या मिरच्या.

मग निरोप आला. हमालांनी कंटेनरला हात लावायला नकार दिला आहे. मालक म्हणतात, हा धमकीचा प्रकार आहे का? उद्या दुपारपर्यंत समाधानकारक खुलासा आला नाही तर माल परत, आणि पुढचे सौदे बंद.

रौनकभैया लालबुंद झाले. "हे कोणी केलं?" विचारण्यात अर्थ नव्हता, पण त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "नानांना सांगा, उद्यापासून येऊ नका. माणूस म्हातारा झाला की घरी बसवावा. आणि हे आत्ताच सांगा, नाहीतर पप्पा मध्ये पडतील." शेठजी त्या दिवशी मुक्ताईनगरला एका लग्नाला गेले होते. संध्याकाळी येणार होते.

मग भैयांनी खुलासा लिहिला. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, मी खोटं बोलणार नाही. त्याचं मराठी करून सांगते: "ह्यात फार काही वाचू नका. झोप घालवावी असं ह्यात काही नाही. आम्ही आमच्या मालाच्या मागे उभे आहोत." इंग्रजी माणसाला ह्यात धीर वाटतो म्हणे.

मी म्हटलं, "भैया, हे असंच्या असं तिकडे जाणार नाही. मी थोडं फिरवून..."

"नो फिरवाफिरवी. शब्दाला शब्द. उद्या कोर्टात गेलं तर?"

"पण भैया..."

"वर्षा, तू भाषांतर कर. विचार मी करतो."

मी शब्दाला शब्द केलं. तासाभरात उत्तर आलं. रोदिकाबाईंनी हमालांचे प्रश्न जसेच्या तसे लिहिले होते: "बाहुली उलटसुलट करून पाहिली, तिच्यावर काही लिहिलेलं नाही, मग वाचायचं काय? कोणाची झोप जाणार आहे? आणि मालाच्या मागे कोण उभं आहे? आम्ही बॅटरी मारून पाहिलं, मागे कोणी दिसत नाही. दोन माणसं घरी निघून गेली."

हे वाचून मला हसू आलं, पण नाना आठवले. मी उठून गोडाऊनमध्ये गेले. नाना उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले होते. डबा शेजारी, न उघडलेला. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"आली का दुभाषी बाई," ते म्हणाले. "काय म्हने तुझी रोमानिया?"

"नाना, तुम्ही बाहुली आत का बांधली हो?"

"वा! सकाळपासून समदे मले शिव्या द्यून ऱ्हायले. कामून बांधली हे इचारनारी तू पहिली."

"मग सांगा ना."

"माल पाह्यला व्हता का तू?"

"पाहिला होता."

"मग? इतकी वर्सं झाले, इतका देखना माल नाही भरला मी. दर्यातून जाईन, दहा जागी उघडतीन, शंभर मानसं पाहतीन. बाहेरची लिंबू-मिरची कुठं टिकते? म्हनून आत बांधली. अन् नुसत्या लिंबानं भागलं नसतं, म्हनून बाहुली."

"ते लोक घाबरले नाना. त्यांना वाटलं, तुम्ही त्यांच्यावर करणी केली."

नानांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "मी? त्या मानसांवर? अवं, ते वाईट आहे असं कुठं म्हनतो मी? नजर काय वाईट मानसाचीच लागते का? चांगल्याचीच जास्त लागते. सगळ्यात आधी मायची लागते. पोरगं देखनं दिसलं की मायच्याच मनात येतं ना, किती ग्वाड दिसून ऱ्हायलं. माझीच लागली असती त्या मालाले."

हे ऐकताना मला रोदिकाबाईंच्या नातवाचं मनगट आठवलं.

मला इथे शूर वगैरे झाल्यासारखं लिहायचं नाही. मी ऑफिसात परत आले, खुर्चीत बसले, आणि पहिले काही क्षण नुसतं पाणी प्याले. भैया फोनवर बाहेर होते. त्यांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. न विचारता पाठवलं तर नानांच्या शेजारच्या क्रेटवर माझीही जागा झाली असती, आणि होस्टेलची फी ह्याच पगारातून जाते. रोमानियनमध्ये अशा वेळी म्हणतात, काळीज दातात धरणे. ह्याचं इंग्रजी मला आजही सांगता येणार नाही. मराठी सांगायची गरज नाही.

मी लिहिलं, सरळ रोमानियनमध्ये:

"रोदिकाबाई, ही बाहुली तुमच्यावर केलेली नाही. ती देओकची आहे. कंटेनर भरणाऱ्या आमच्या नानांना तुमच्या आजीची नक्षी इतकी आवडली, की तिला आपलीच दृष्ट लागेल अशी त्यांना भीती वाटली. तुमच्या नातवाच्या मनगटाला जो लाल दोरा आहे तोच हा दोरा समजा. तुम्ही बाळाला बांधता, आम्ही चटयांनाही बांधतो. आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं. आणि मालाच्या मागे कोणी उभं नाही. ते इंग्रजीत म्हणतात."

पाठवलं. व्याकरणाच्या चुका असतील. तपासायला कोणी नव्हतं.

भैया आत आले. "काय पाठवलंस? इंग्लिश कॉपी दाखव."

"इंग्लिश कॉपी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"इंग्लिशमध्ये लिहिलंच नाही भैया."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि शेठजी आले. फेटा बांधलेला, कपाळाला लग्नातला गंध. भैयांनी त्यांना दारातच सगळं सांगितलं: बाहुली, हमाल, नाना आणि शेवटी मी. शेठजी खुर्चीत बसले, फेटा काढून टेबलावर ठेवला.

"बेटा, काय लिहिलंस ते मराठीत वाच."

मी वाचलं. वाचून झाल्यावर शेठजींनी भैयांकडे पाहिलं.

"हिने काय चूक लिहिलं?"

"पप्पा, आपण एक्स्पोर्टर आहोत. हे असलं लिहिलं तर ते आपल्याला अडाणी समजतील."

"रौनक, तुझ्या कानामागे तुझी आई काजळाचं बोट लावायची."

"मी लहान होतो तेव्हा."

"दहावीच्या पेपरला जाताना लावलेलं मी पाहिलंय. आणि पुण्याला ॲडमिशन झाली तेव्हा तुझ्या बॅगेत मीठ-मोहऱ्यांची पुडी कोणी ठेवली होती?"

भैया माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोणी?"

"मी," शेठजी म्हणाले.

तरी नानांचा निकाल लागला नव्हता. शेठजी एवढंच बोलले, "तिकडचं उत्तर येऊ दे. माल परत आला तर मग मलाही नानाला ठेवता येणार नाही. चाळीस घरांचं काम आहे त्या मालावर." ते खरं होतं. मी गोडाऊनमध्ये जाऊन नानांना हे तसंच सांगितलं. भाषांतर करायची गरज नव्हती. नाना म्हणाले, "बरोबर आहे शेठचं," आणि डबा उघडला. त्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. त्यांनी अर्धी मला दिली. ठेचा असा होता की डोळ्यांतून पाणी यायला दुसरं कारण लागलं नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. पहिली ओळ होती: "तर मग हे आधीच का नाही सांगितलं?"

पुढे रोदिकाबाईंनी लिहिलं होतं, की त्यांनी माझा निरोप गोदामात मोठ्याने वाचून दाखवला. तिथे झाडलोट करणारी एक म्हातारी बाई आहे. ती पुढे झाली आणि म्हणाली, एवढंच ना? तिने वाडग्यात पाणी घेतलं, काड्यापेटीतल्या काड्या पेटवून एकेक करून त्यात विझवल्या, काहीतरी पुटपुटली आणि ते पाणी कंटेनरच्या दारावर शिंपडलं. त्यांच्याकडे दृष्ट अशी काढतात. मग हमालांनी टोप्या काढल्या, पुन्हा घातल्या आणि माल उतरवला. एकही चटई खराब निघाली नाही. मालकांनी पुढचा सौदा पक्का केला आहे. मात्र एक विनंती: पुन्हा खरं लिंबू पाठवू नका. सरकारी माणसं परदेशी फळ-भाजी आत येऊ देत नाहीत. ते लिंबू आम्ही चिमट्याने उचललं.

शेठजींनी नानांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. नाना खूश होतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "लिंबू नाही? मग बिनलिंबाचं कसं व्हईन?"

"नाना," रौनकभैया म्हणाले, "नोकरी राहिली ना तुमची?"

"नोकरीचं नाही म्हनत भैया. लिंबाचं म्हनतो."

दोन दिवस नाना रुसून होते. तिसऱ्या दिवशी मी गोडाऊनमध्ये गेले तर पुढ्यात कापून टाकलेल्या चटईच्या काड्यांचा ढीग, पिवळ्या आणि हिरव्या. नानांनी त्या वळून, गुंफून एक लिंबू आणि खाली मिरच्या केल्या होत्या. सडणार नाहीत, वाळणार नाहीत, कोणतंही सरकार अडवणार नाही. आता प्रत्येक कंटेनरमध्ये ती जाते. त्याआधी माझा निरोप जातो, आत काय आहे आणि कशासाठी आहे. भैया त्या निरोपाची इंग्लिश कॉपी मागत नाहीत. बाकी सगळ्याची मागतात.

अलीकडे भैयांनी भाषांतराचं एक ॲप विकत घेतलं आहे. ते माझ्यापेक्षा झपाट्याने लिहितं आणि चटया नळात घालत नाही. माझं काम निम्म्यावर आलंय, पुढे आणखी कमी होईल. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. चार वर्षं घालून शिकलेली भाषा बोलायला मला जळगावात कोणी नाही, आणि कॉन्स्टान्त्साला जायचं म्हटलं तर घोड्यांच्या ईस्टरलाच जमेल. एम.ए. झाल्यावर बहुधा बी.एड. करेन. पोरांना इंग्रजी शिकवेन आणि त्यांनी विचारलं की म्हणेन, असंच असतं.

मागच्या आठवड्यात रोदिकाबाईंचा फोटो आला. ह्या वेळी नमस्कारासकट, आणि नमस्कार नानांना होता. त्यांच्या गोदामाच्या मोठ्या दरवाज्यावर आमची काळी बाहुली टांगलेली. त्यांनी ती टाकून दिली नव्हती. तिच्या कमरेला त्यांनी आपल्या पद्धतीने लाल दोरा बांधला होता.

मी मोबाइल घेऊन नानांकडे पळत गेले. वाटलं, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. नानांनी चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला.

"दोरी ढिली बांधली," ते म्हणाले. "वारं सुटलं की पडीन. सांग त्यायले, गाठ आवळा."

मी तिथेच क्रेटवर बसून सांगितलं.

लगेच उत्तर आलं: "आवळली."